"मुलावर केस नाही करायची मला"

"घर मुलाच्या नावावर करून दिलं, आता त्याच घरात माझी अडचण होते. तक्रार केली तर उरलंसुरलं नातंही तुटेल का?" ज्येष्ठांसोबत काम करताना हा प्रश्न सतत समोर येतो. म्हणून एका काकूंची हकीकत सांगते. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू 74 वर्षांच्या. खुर्चीवर टेकायच्या आतच म्हणाल्या, "आधीच सांगते ताई, मुलावर केस नाही करायची मला." मग पिशवीतून जपून ठेवलेलं बक्षीसपत्र काढलं. पती गेल्यावर वर्षभरातच त्यांनी राहतं घर एकुलत्या मुलाला लिहून दिलं होतं. मारहाण नव्हती, शिवीगाळही नव्हती. पण औषधाच्या पैशांसाठी दरवेळी हात पसरावा लागे, दिवसा स्वयंपाकघराला कुलूप असे आणि काही बोलल्या की उत्तर ठरलेलं: "घर आता माझं आहे."

त्या दिवशी मी कायद्याचा विषय काढला नाही. कारण काकूंना मुलाची भीती नव्हती, लाज वाटत होती. "सही मीच केली ना? कुणाला काय सांगू?" त्या पुन्हा पुन्हा तिथेच येत होत्या. स्वतःच्या सहीची ही लाज माणसाला किती वर्षं गप्प बसवते, ते मी पाहिलं आहे. विश्वासाने केलेली सही हा काकूंचा गुन्हा नव्हता, एवढंच त्यांच्या मनात उतरायला दोन भेटी गेल्या.

तिसऱ्या भेटीत आम्ही बक्षीसपत्र ओळीने वाचलं. "प्रेम व आपुलकीपोटी, विनामोबदला." सांभाळ करण्याची अट कुठेच नव्हती. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 सांगतं की, मूलभूत सोयी आणि गरजा पुरवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकतं. पण अशी अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं. मात्र तिथे मुलाने सांभाळाचं वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं होतं. काकूंकडे तसा कागद नव्हता. "आई, तू काळजी करू नकोस," एवढा तोंडी शब्द होता. घर परत मिळणं अवघड आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं आणि पक्क्या सल्ल्यासाठी वकिलांकडे पाठवलं. अशा वेळी खोटा धीर देणं मला क्रूरपणाचं वाटतं.

पण निर्वाहाचा हक्क घराच्या कागदावर टांगलेला नसतो. स्वतःच्या उत्पन्नातून भागत नसेल, तर प्रांताधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे चालणाऱ्या निर्वाह न्यायाधिकरणात आई साधा अर्ज करू शकते. वकील लावावाच लागतो असं नाही. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा, कारण असल्यास एकदाच आणखी 30 दिवस घ्यावेत, असं कायदा म्हणतो. आणि काकूंच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं म्हणजे, सुनावणीआधी न्यायाधिकरण प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकतं.

"त्याला पकडून नाही ना नेणार?" त्यांनी विचारलं. अर्ज म्हणजे पोलिसांतली फिर्याद नव्हे, पण आदेश निघूनही मुलाने पैसे दिलेच नाहीत तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, हेही मी लपवलं नाही. काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे आधी त्याला बोलवून विचारणार." हो, म्हटलं.

आठवडाभराने त्यांनी अर्ज दिला. समेटाच्या बैठकीत मुलगा आधी चिडला, मग रडला. त्याच्यावर कर्ज होतं आणि आईला ते ठाऊकही नव्हतं. शेवटी लेखी ठरलं: दरमहा ठरावीक रक्कम थेट आईच्या खात्यात, औषधं वेगळी, स्वयंपाकघराची एक किल्ली आईकडे. बक्षीसपत्र तसंच राहिलं. मुलगा आजही फारसा बोलत नाही, ते दुःख काकूंना आहेच. पण आता औषधासाठी त्या कुणाकडे हात पसरत नाहीत.

राग मला येतो तो मागे राहिलेल्या कायद्याचा. निर्वाहाची कमाल मर्यादा 2007 मध्ये महिना 10,000 रुपये लिहिली गेली, ती तशीच आहे. ती काढून टाकणारं आणि सून-जावयांनाही जबाबदार धरणारं विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. माझी आणखी एक मागणी आहे. बक्षीसपत्राची नोंदणी करताना देणाऱ्या ज्येष्ठाला घेणाऱ्यापासून बाजूला बसवून विचारावं, "सांभाळाची अट घालायची आहे का?" काकूंना त्या दिवशी हे कुणी विचारलं असतं, तर त्यांच्या हातात आज कागद असता.

गेल्या महिन्यात काकूंनी शेजारच्या आजींना माझ्याकडे पाठवलं. त्यांच्या बक्षीसपत्राचा नुसता मसुदा झालाय, सही व्हायची आहे. अटीचा परिच्छेद त्यातही नव्हता. आम्ही तो लिहायला बसलो.