गेमच्या डेटा फाइलमधला व्हिडिओ

प्रश्न : जुन्या गेमच्या डेटा फाइलचं एक्स्टेन्शन बदलून पाहिलं, तरी आतले व्हिडिओ आणि संगीत चालत नाही. काय करावं? – एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : नाव बदलून आतले बाइट बदलत नाहीत. फाइलची प्रत हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि ‘बी-आय-के’ (BIK) ही अक्षरं शोधा. गेममध्ये वापरला जाणारा बिंक या प्रकारचा व्हिडिओ तिथून सुरू होतो. पहिल्या ४ बाइटनंतरच्या ४ बाइटांत आकार असतो, तोही उलट्या क्रमाने, म्हणजे सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी. त्यात ८ मिळवा आणि नेमके तेवढेच बाइट कापा. ८ विसरलात तर शेवट तुटतो. हा तुकडा एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरला वाचता येतो.

आवाजासाठी व्हीजीएमस्ट्रीम हे गेममधल्या ऑडिओ फाइली वाजवणारं सॉफ्टवेअर वापरा. वाइज या गेमच्या आवाजासाठीच्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या व्होर्बिस (आवाज कॉम्प्रेस करण्याचा एक प्रकार) फाइलींत बहुधा कोडबुकंच, म्हणजे आवाज उलगडायला लागणारे तक्तेच नसतात, म्हणून साधे प्लेअर त्या वाजवत नाहीत. ‘बी-आय-के’सारखी एकही खूण सापडली नाही, तर बहुधा डेटा कॉम्प्रेस किंवा एन्क्रिप्ट केलेला आहे; आधी त्या गेमचा एक्स्ट्रॅक्टर (डेटा फाइलमधून आतल्या फाइली बाहेर काढणारं सॉफ्टवेअर) शोधा.