टी-पेशी नुसती चिकटत नाही, ओढून बघते

तुम्ही विचारलंय: सीडी-३ (टी-पेशीच्या, प्रतिजन ओळखणाऱ्या रिसेप्टरचा भाग) विरोधी अँटीबॉडी प्लेटला चिकटवली की शुद्ध केलेल्या टी-पेशी (रोगप्रतिकारातल्या पांढऱ्या पेशी) जाग्या होतात, तीच माध्यमात विरघळवली की ढिम्म. पण मिश्र रक्तपेशींत मात्र विरघळलेलीही चालते. असं का?

शेवटचं आधी, कारण ते सोपं आहे. मिश्रणात मोनोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतात. त्यांच्या एफसी रिसेप्टरवर अँटीबॉडीची शेपटी अडकते, म्हणजे टी-पेशीला आपोआप पृष्ठभाग मिळतो (वर सीडी-२८ या टी-पेशीवरच्या सहायक रिसेप्टरची मदतही).

पृष्ठभागाने होतं काय? एक तर रिसेप्टर एकत्र गोळा होतात; विरघळलेली अँटीबॉडी फार तर दोनच जोडते. पण मला महत्त्वाची वाटते ती ओढ. पृष्ठभागावर टेकलेली टी-पेशी काही मिनिटांत पसरते. कडेला अ‍ॅक्टिनचे (पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाचे) तंतू सतत बनतात आणि मध्याकडे सरकत राहतात, सरकताना रिसेप्टरचे पुंजके सोबत फरफटत नेतात. रिसेप्टरने धरलेल्या अँटीबॉडीचं दुसरं टोक प्लेटला पक्कं असेल तर रिसेप्टरवर ताण येतो. ते तरंगतं असेल तर तेही मागोमाग येतं, ताण शून्य.

२००९ मध्ये राइनहर्झ आणि लँग यांच्या गटाने हे प्रकाशाच्या चिमट्याने (लेसरने सूक्ष्म मणी पकडून हलवण्याचं साधन) तपासलं. प्रतिजन (टी-पेशी ओळखते तो तुकडा) लावलेला मणी पेशीवर नुसता टेकवून काही झालं नाही. तो पृष्ठभागाला समांतर, साधारण ५० पिकोन्यूटन बलाने ओढला तेव्हा पेशीतलं कॅल्शियम उसळलं, म्हणजे ती जागी झाली. सरळ वर खेचला तर नाही. बल लागतंच, पण दिशाही लागते. पुढे २०१४ मध्ये चेंग झू यांच्या प्रयोगशाळेला दिसलं की योग्य प्रतिजनाशी जुळलेला बंध साधारण १० पिकोन्यूटनच्या ओढीला सर्वांत जास्त टिकतो, निरगाठ ओढल्यावर आवळते तसा. कमकुवत प्रतिजनाचा बंध ओढताच लवकर तुटतो. दुसऱ्या पद्धतीने मोजणाऱ्यांना हा प्रकार सगळ्या जोड्यांत सापडलेला नाही, म्हणून तो सार्वत्रिक नियम धरू नका.

पृष्ठभागाच्या कडकपणाबद्दल २०१२ चे दोन निबंध एकमेकांविरुद्ध उभे केले जातात: एकात कडक जेलवर उंदराच्या पेशी जास्त आयएल-२ (वाढीचा संदेश देणारं प्रथिन) देतात, दुसऱ्यात मऊ सिलिकोनवर माणसाच्या पेशी जास्त वाढतात. आकडे बघा. पहिल्यातलं कडक म्हणजे १०० ते २०० किलोपास्कल (कडकपणाचं एकक). दुसऱ्यातलं मऊ म्हणजे १०० च्या आत आणि कडक २ मेगापास्कलच्या (२००० किलोपास्कलच्या) वर. मोजपट्टीच वेगळी, त्यात प्राणीही वेगळा.

प्रयोग करणार असाल तर लॅट्रंक्युलिनवर (अ‍ॅक्टिनचे तंतू बनू न देणारं रसायन) सगळा भरवसा टाकू नका. ते आधीच घातलं तर पेशी पसरतच नाही, संपर्काचं क्षेत्रफळ घटतं, आणि संदेश ओढ गेल्यामुळे थांबला की जागा कमी पडल्यामुळे, हे कळत नाही. पेशी पसरल्यानंतर घाला आणि कॅल्शियम टिकतं का ते पाहा. मायोसिन (अ‍ॅक्टिनचे तंतू ओढणारं प्रथिन) अडवायला ब्लेबिस्टॅटिन वापरणार असाल तर ते निळ्या प्रकाशात निकामी होतं, वर पेशींना विषारीही ठरतं. फ्लुओ-४ (कॅल्शियम दाखवणारा चमकता रंग) साठी ४८८ नॅनोमीटरचा निळा लेसर लावलात की घोटाळा झालाच. पॅरा-नायट्रो ब्लेबिस्टॅटिन प्रकाशात टिकतं, ते मागवा.