तोंड वाकडं झालं की आधी कपाळ का बघायचं?

तुमचा प्रश्न असा: तोंड वाकडं झालेल्या पेशंटच्या कपाळावर आठ्या पडत असतील तर पक्षाघात (मेंदूचा झटका), पडत नसतील तर बेल्स पाल्सी (चेहऱ्याची नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू, अचानक सुजून एक बाजू लुळी पडणं), असं वॉर्डात शिकवतात, पण पक्षाघातात कपाळ वाचतं कसं?

मेंदूतून थेट निघणाऱ्या नर्व्हना क्रमांक आहेत; चेहरा हलवणाऱ्या सातव्या नर्व्हचं केंद्रक (ती जिथून निघते तो पेशींचा पुंजका) पॉन्समध्ये, म्हणजे मेंदूच्या देठाच्या मधल्या भागात, असतं. त्यातल्या कपाळाच्या पेशींना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, ओठ-गालाच्या पेशींना मुख्यतः विरुद्ध बाजूकडूनच. उजव्या मेंदूत गुठळी अडकली की चेहऱ्याचा डावा खालचा भाग लुळा पडतो, पण कपाळाचं काम डावा मेंदू चालवून नेतो. उलट नर्व्हच सुजली तर दोन्हीकडचे हुकूम तिथेच अडतात आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खी बाजू जाते.

तपासताना भुवया वर करायला लावा. मग डोळे गच्च मिटायला सांगा आणि पापण्यांचे केस दोन्हीकडे सारखेच आत दबतात का ते बघा. सौम्य कमजोरी इथेच सापडते. नंतर दात दाखवणं, गाल फुगवणं. इथे हमखास एक चूक होते: पापणी पडलेली दिसली की ती सातव्या नर्व्हच्या खात्यावर टाकतात. पापणी उचलते तिसरी, मिटते सातवी. म्हणून बेल्स पाल्सीत तो डोळा उलट मोठा दिसतो.

नर्व्ह कुठे दुखावली याचा माग तिच्या वाटेवरून लागतो. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाताना ती अश्रुग्रंथीसाठी, मोठे आवाज सौम्य करणाऱ्या कानातल्या स्टेपिडियस स्नायूसाठी आणि जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाच्या चवीसाठी फांद्या देते. ऐकू येणारे आवाज कर्कश वाटतात, चव गेली, अशी तक्रार असेल तर दुखापत बहुधा बोगद्यात आहे. कानात पुरळ किंवा फोड दिसले तर नागिणीचा विषाणू. पुढे नर्व्ह कानापुढच्या पॅरोटिड या लाळग्रंथीतून जाते आणि तिथेच पाच फांद्यांत फुटते, पण त्या ग्रंथीची लाळ नवव्या नर्व्हच्या ताब्यात असते. परीक्षेत हा प्रश्न फार जणांना फसवतो. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागात तोंड सरळ आणि फक्त डोळा मिटत नाही असं दिसलं, तर कुष्ठरोगासाठी त्वचेवरचे चट्टे आणि जाड झालेल्या नर्व्ह तपासा.

कपाळाचा नियम एका ठिकाणी दगा देतो. पक्षाघात पॉन्समध्येच झाला तर केंद्रक किंवा निघणारे तंतूच मरतात आणि कपाळही जातं. हे तंतू सहाव्या नर्व्हच्या केंद्रकाला वळसा घालून येतात, त्यामुळे त्याच बाजूचा डोळा बाहेरच्या दिशेला वळतो का, हे प्रत्येक पेशंटमध्ये बघा. वळत नसेल, किंवा हातापायात कमजोरी, अडखळतं बोलणं, तोल जाणं असेल, तर कपाळ काहीही सांगो, ताबडतोब स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. घरच्यांनी तर आठ्या मोजत बसूच नये, सरळ १०८ ला फोन लावावा.

बेल्स पाल्सीत स्टिरॉइड ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवून. उघडा राहणारा डोळा मात्र पहिल्या तासापासून जपा: दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून वरून टेप. नुसता कापसाचा बोळा ठेवला तर खाली पापणी उघडते आणि बुबुळ घासलं जातं.

बेल्स पाल्सी सहसा तीन दिवसांत पूर्ण वाढते. वाकडेपणा आठवडे-महिने हळूहळू वाढतच असेल तर पॅरोटिड चाचपून बघा आणि गाठ शोधायला एमआरआय सुचवा.