१६५० ला पीक आलं म्हणजे एन्झाइम छिद्रात गेलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एसबीए-१५ या सच्छिद्र सिलिकावर लायसोझाइम हे एन्झाइम चढवलं, वरच्या द्रावणाचं २८० नॅनोमीटरचं शोषण (प्रथिन किती उरलं याची खूण) उतरलं, धुऊन वाळवलेल्या पावडरीच्या एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) १६५० सेमी⁻¹ ला पीक आलं. आता प्रबंधात 'एन्झाइम छिद्रांत बसलं' असं लिहू का?

नका लिहू. निदान एवढ्यावर तरी नका.

आधी त्या १६५० बद्दल, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे. पहिल्या वर्षी असंच सुरेख पीक मिळालं म्हणून मी दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी गाइडनी विचारलं, "कोऱ्या सिलिकाचा स्पेक्ट्रम कुठे आहे?" घेतलाच नव्हता. घेतला तर त्यातही १६४० च्या आसपास तसाच उंचवटा! सिलिका हवेतला ओलावा ओढते, आणि पाण्याच्या रेणूचं वाकणं नेमकं तिथेच दिसतं, प्रथिनाच्या साखळीतल्या बंधांमुळे येणाऱ्या अमाइड-१ पट्टीला खेटून. म्हणून एकट्या १६५० वर विसंबू नका, १५४० च्या आसपासची प्रथिनाची दुसरी पट्टी, अमाइड-२, शोधा. पाण्याची पट्टी तिथे नसते. ती दिसली आणि कोऱ्या सिलिकात दिसली नाही, तर प्रथिन आहे हे नक्की. पण आहे एवढंच. दारात चपला दिसल्या म्हणून पाहुणे माजघरात आहेत असं नाही, ओसरीवरही बसलेले असतील.

२८० चं गणित सोपं आहे, फसवंही आहे. लायसोझाइमच्या १ मिलीग्रॅम प्रति मिलीलिटर द्रावणाचं शोषण साधारण २.६ येतं, तेव्हा सौम्य करून मोजा. समजा अशा १ मिलीग्रॅम प्रति मिलीलिटरच्या १० मिलीलिटर द्रावणात ५० मिलीग्रॅम सिलिका टाकली आणि शेवटी वर ०.२५ मिलीग्रॅम प्रति मिलीलिटर उरलं, तर ७.५ मिलीग्रॅम गायब झालं, म्हणजे ग्रॅममागे १५० मिलीग्रॅम. पण गायब झालेलं सगळं सिलिकावरच गेलं कशावरून? थोडं नळीच्या भिंतीलाही चिकटतं. त्यासाठी सिलिका न घातलेली एक नळी सोबत फिरवा, आणि धुतलेलं पाणी ओतून न देता तेही मोजा. उलट बाजूने, सेंट्रिफ्यूजनंतर वर बारीक कण राहिले तर ते प्रकाश विखुरतात आणि शोषण फुगतं. ३५० ला रीडिंग पाहा. प्रथिन तिथे शोषत नाही, त्यामुळे आकडा शून्याच्या वर असेल तर पुन्हा फिरवा.

आत की बाहेर, हा तुमचा खरा प्रश्न. लायसोझाइम साधारण ३ × ३ × ४.५ नॅनोमीटरचं. एसबीए-१५ ची छिद्रं बहुधा ६ ते ९ नॅनोमीटरची, म्हणजे जागा आहे. आता तोच प्रयोग अडीच नॅनोमीटर छिद्रांच्या एमसीएम-४१ या दुसऱ्या सच्छिद्र सिलिकावर करा. रसायन तेच, दार अरुंद. तिथे जे चिकटेल ते बाहेरच. दोन्हींतला फरक मोठा असेल तर तुमच्या म्हणण्याला बळ येतं. नायट्रोजन शोषणाने छिद्रांचं आकारमान घटलेलं दाखवा, पण तोंडाशी बूच बसलं तरी ते घटतंच, हे लक्षात असू द्या.

एन्झाइमची घडी टिकली का, हे त्यातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या प्रतिदीप्तीवरून (प्रकाश टाकल्यावरच्या चमकेवरून) कळतं. २९५ नॅनोमीटरला उत्तेजित करा. शाबूत लायसोझाइम ३४० च्या आसपास चमकतं, घडी उलगडली की पीक ३५० कडे सरकतं. सीडीचा (सर्क्युलर डायक्रोइझम, प्रथिनाची घडी पाहण्याची आणखी एक प्रकाशीय पद्धत) मोह आवरा. पावडरीच्या निलंबनात २०८ ला जे येतं त्यात विखुरणं किती आणि हेलिक्स (प्रथिनाचा मळसूत्री भाग) किती, हे सांगताना भल्याभल्यांची भंबेरी उडते.

शेवटची गोम क्रियाशीलतेची. लायसोझाइमसाठी सगळे मायक्रोकॉकस या जिवाणूच्या पेशी घालून, एन्झाइम त्या फोडत जाईल तसा ४५० ला गढूळपणा उतरताना पाहतात. ती पेशी मायक्रोमीटरभराची, ७ नॅनोमीटरच्या छिद्रात शिरणार कशी? आतलं एन्झाइम ठणठणीत असलं तरी आकडा मेल्यासारखा येईल. त्यात सिलिका स्वतःच गढूळ, वर ती हळूहळू तळाशी बसते, म्हणजे एन्झाइम नसतानाही शोषण उतरतं. विद्राव्य, छोटा सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू) मिळवा. नाहीतर लायसोझाइमऐवजी सरळ लायपेज हे चरबी तोडणारं एन्झाइम घ्या. त्याचा सब्स्ट्रेट पॅरा-नायट्रोफेनिल ब्युटिरेट चिमुकला असतो आणि तो तुटल्यावर येणारा पिवळा रंग ४०५ ला मोजता येतो, मात्र कण गाळूनच. गाळलेल्या द्रावणाला पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. रंग अजून वाढत असेल तर एन्झाइम सुटून बाहेर आलंय.

कोऱ्या सिलिकाचा स्पेक्ट्रम असेल तर इथे टाका, १५४० ला काय दिसतं ते बघू.