जागा आहे, तरी फाइल मावत नाही

प्रश्न : ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर २० जीबी जागा मोकळी आहे. तरी ६ जीबीचा व्हिडिओ टाकताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. पेनड्राइव्ह बिघडला का?

उत्तर : नाही, तो धडधाकट आहे. अडचण फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिमची, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीची. तिच्यात फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदवतात, म्हणून एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी. मोकळी जागा कितीही असो.

उपाय म्हणजे पेनड्राइव्ह एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करणं, तिला ही ४ जीबीची अट नाही. आधी पेनड्राइव्हवरचं सगळं दुसरीकडे कॉपी करा, कारण फॉरमॅट केल्यावर ते पुसलं जातं. विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, ‘फॉरमॅट’, फाइल सिस्टिम ‘एक्सफॅट’, ‘क्विक फॉरमॅट’वर खूण, मग ‘स्टार्ट’. मिनिटभराचं काम. (ड्राइव्हचं अक्षर मात्र दोनदा बघा, घाईत भलताच ड्राइव्ह साफ होतो.)

जुने टीव्ही आणि गाडीतले प्लेअर एक्सफॅट बरेचदा वाचत नाहीत. तिथेच लावायचा असेल, तर फॅट३२ राहू द्या आणि व्हिडिओचे दोन तुकडे करा, तेही व्हिडिओ एडिटरमध्ये. सेव्हन-झिप या फाइल दाबण्याच्या प्रोग्रॅमने पाडलेले तुकडे टीव्हीवर चालणार नाहीत, ते आधी संगणकावर जोडावे लागतात.

एक्सफॅटला जर्नल, म्हणजे गडबड झाल्यास सावरायला ठेवलेली बदलांची नोंद, नसतं. कॉपी चालू असताना पेनड्राइव्ह उपटला, तर फाइल अर्धवट राहतेच, शिवाय ड्राइव्हवरच्या नोंदीही बिघडू शकतात. ‘इजेक्ट’ करूनच काढा.