सरावात साधणारा नेम सामन्यात का चुकतो?

प्रश्न : माझी मुलगी 12 वर्षांची असून दोन वर्षांपासून शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळते. सरावात तिचे चेंडू सहज बास्केटमध्ये पडतात. सामन्यात मात्र सुरुवातीचे एक-दोन नेम हुकले की ती चेंडू मागणेच सोडून देते. तिला मानसिक कणखरपणाच्या शिबिराला पाठवावे काय?
— एक पालक, सांगली

उत्तर : शिबिराचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. या वयात ज्याला आपण मनाचा कच्चेपणा म्हणतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा सरावाच्या पद्धतीत असते.

सर्वांत आधी ती कोणत्या चेंडूने खेळते, ते पाहावे. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये 5 क्रमांकाचा चेंडू वापरतात, रिंग 3.05 मीटरऐवजी 2.60 मीटर उंचीवर असते आणि फ्री थ्रोची (फाउलनंतर कोणी न अडवता मिळणाऱ्या नेमाची) रेषाही जवळ असते. त्यापुढे मुलींसाठी 6 क्रमांकाचा चेंडू असतो. आपल्याकडे अनेक मैदानांवर मात्र जो चेंडू पेटीत सापडेल तो, म्हणजे बहुधा पुरुषांचा 7 क्रमांकाचा, सर्वांच्या हाती दिला जातो. तो उंच रिंगपर्यंत पोहोचवण्यासाठी मूल कमरेपासून झटका देऊन फेकू लागते. समोर कोणी नसताना हा फेक जमतो. पण अंगावर डिफेन्डर, म्हणजे अडवणारा खेळाडू, आला की तेवढा अवधी मिळत नाही, आणि मुलीला वाटते की आपणच घाबरलो. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधला नामवंत नेमबाज स्टीफन करीसुद्धा किशोरवयात ताकद कमी असल्यामुळे चेंडू खालून सोडत असे. शाळेत असतानाच वडील डेल करी यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने ती लकब मोडून चेंडू डोक्यावरून सोडण्याची सवय लावून घेतली, आणि ते दिवस त्याला फार जड गेले. रिंग खाली घेता येत नसेल, तर निदान मुलीला रिंगच्या जवळ आणावे. तीन गुणांच्या रेषेची घाई करण्याचे काहीच कारण नाही.

दुसरी बाब सरावाच्या रचनेची आहे. एकाच जागेवरून ओळीने पन्नास वेळा नेम धरला की हात बसतो आणि आकडाही छान दिसतो, परंतु सामन्यात तीच जागा लागोपाठ दोनदा क्वचितच मिळते. म्हणून प्रत्येक नेमानंतर जागा बदलावी, मध्ये एखादा पास किंवा डाव्या हाताचा ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत खेळवणे) घालावा आणि शक्य तेथे समोर एक खेळाडू उभा करावा. सुरुवातीला हुकणाऱ्या चेंडूंची संख्या वाढेल, त्यामुळे प्रशिक्षक आणि पालक दोघेही अस्वस्थ होतात. तरीही मी हीच पद्धत सुचवेन, कारण हुकल्यावर लगेच पुढच्या कामाला लागण्याची सवय या पद्धतीतूनच लागते.

दडपणाचा सराव करायचा, तर फ्री थ्रो हाताशी आहेच. सत्राच्या शेवटी, धाप लागलेली असताना, सगळा संघ पाहत असताना फक्त दोन फ्री थ्रो द्यावेत. नियमानुसार चेंडू हाती आल्यापासून नेम सोडण्यास पाच सेकंद मिळतात. त्या अवधीत ठरलेले दोन ड्रिबल, एक श्वास, रिंगवर नजर आणि मग नेम, असा क्रम दर वेळी तोच ठेवावा. लक्ष गुंतवायला हातात काम असले की निकालाची धास्ती आपोआप मागे पडते.

आणि थोडेसे आपल्याविषयी. सामना चालू असताना गॅलरीतून सूचना देऊ नयेत. मुलीला एकाच वेळी दोन प्रशिक्षकांचे ऐकावे लागते. घरी परतताना गुण मोजण्याऐवजी, हुकल्यानंतर तिने पुन्हा चेंडू मागितला का, एवढेच विचारावे.

प्रश्न : आमचा मुलगा 13 वर्षांचा आहे. त्याची उंची वर्गात सर्वांत जास्त असल्याने प्रशिक्षक त्याला फक्त रिंगखाली उभे करतात. हे योग्य आहे काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. तेराव्या वर्षी उंच दिसणारा मुलगा पुढेही इतरांपेक्षा उंच राहीलच असे नाही, आणि तेव्हा त्याला ड्रिबल येत नसेल तर त्याची पंचाईत होईल. एनबीएमधला उंचपुरा खेळाडू अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड, म्हणजे चेंडू हाताळत खेळ रचणारा खेळाडू, म्हणून खेळत असे; झपाट्याने उंची वाढल्यानंतरही चेंडू हाताळण्याचे ते कौशल्य त्याच्याकडे राहिले आणि 2012 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, त्याची पहिल्या क्रमांकावर निवड झाली. प्रशिक्षकांना भेटून, निदान सरावात तरी त्याला चेंडू घेऊन मैदान पार करू द्यावे, अशी विनंती करावी.