मॉसची बोंडी आणि कारवीचं बोंड एकाच रकान्यात नको

तुमचा प्रश्न असा, की घाटातल्या दरडीवरचं फ्युनारिया मॉस आणि तिथलीच कारवी यांची तुलना प्रोजेक्टमध्ये करताना मॉसची बोंडी आणि कारवीचं बोंड समोरासमोर मांडलं तर चालेल का. नाही चालणार. तक्ता तिथेच फसेल.

फ्युनारिया हायग्रोमेट्रिकाचं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचं हिरवं रोप म्हणजे गॅमिटोफाइट, पुंबीज (नर पेशी) आणि स्त्रीबीज बनवणारी पिढी. पेशींत गुणसूत्रांचा एकच संच. त्यावर उभी राहिलेली दांडी आणि बोंडी हा त्या रोपाचा अवयव नाहीच. ती पुढची पिढी, स्पोरोफाइट, म्हणजे बीजुकं (ज्यांतून नवं रोप उगवतं ते सूक्ष्म कण) बनवणारी, दोन संचांची, आईच्या अंगावरच वाढलेली. भिंगातून बघा. कोवळ्या बोंडीवर चोचीसारखी लांब टोकाची पातळ टोपी असते, ती चिमट्याने अलगद काढा. टोपी आईच्या पेशींची, खालची बोंडी लेकराची. बोंडी हिरवी असेतो थोडं अन्न स्वतःही करते, तेव्हा 'पूर्ण परजीवी' लिहू नका. गाइडांत सर्रास असतं ते.

कारवीत उलट. खोड, खरखरीत पानं, जांभळी फुलं, अख्खं झुडूप म्हणजेच स्पोरोफाइट. म्हणजे मॉसच्या त्या दांडी-बोंडीसमोर पुरुषभर उंचीची सगळी कारवी ठेवायची! तिचं गॅमिटोफाइट परागकणात दोन-तीन पेशींचं, आणि बीजांडात मूठभर पेशींचं. बाहेरून दिसणारच नाही.

पाण्याचा रकाना मात्र जरूर घाला, तिथे खरी गंमत आहे. मॉसचे पुंबीज दोन शेपट्यांनी पोहत जातात, ओल नसेल तर फलन नाही. पण बीजुकं उडायला कोरडी हवा लागते. बोंडीच्या तोंडावरचे दात दमट-कोरड्या हवेनुसार मिटतात-उघडतात. कारवीला फलनासाठी पाणी नको, मधमाश्या पुरतात. तिची वाळलेली बोंडं मात्र पहिल्या पावसात भिजली की तडतडत फुटतात.

खोडाचं एका ओळीत भागेल: कारवीत लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) आहे म्हणून तिच्या काठ्यांचे कूड होतात, फ्युनारियाचं पान मधली शीर सोडली तर एका पेशीच्या जाडीचं.

नमुन्यांचं म्हणाल तर कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि बी धरून मरते. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात २०१६ साली फुलली होती. तिच्या फुलासाठी सबमिशन अडवू नका, पानाखोडाचे फोटो लावा. फ्युनारिया पावसाळ्यात जळक्या, राखेच्या जमिनीवर आधी शोधा.